अळी शहाणी झाली का?

मित्रांनो, आज आधी एक खेळ खेळू या. गोष्ट मग सांगतो.

घरात काळी घोंगडी आहे का? नसेल तर काळं कापड चालेल. स्वयंपाकघरातून ज्वारीचे २० दाणे आणि सालासकट काळ्या उडदाचे २० दाणे आणा. (आईला विचारून, बरं का!) घोंगडी अंगणात किंवा घरात जमिनीवर अंथरा. तुमची बहीण किंवा भाऊ झाला चिमणी. चिमणीने पाठ फिरवायची आणि तुम्ही सगळे दाणे घोंगडीवर विखरायचे. 'ये चिमणी!' म्हटलं, की तिने वळायचं आणि झटपट एकेक दाणा टिपायचा. निवडत बसायचं नाही, पहिला दिसेल तो उचलायचा. २० दाणे झाले, की थांबायचं.

काय होईल, सांगा पाहू? काळ्या घोंगडीवर पांढरी ज्वारी चटकन दिसते आणि उडीद लपून राहतो. समजा, चिमणीने १६ ज्वारीचे आणि ४ उडदाचे दाणे टिपले. मागे उरले ज्वारीचे ४ आणि उडदाचे १६. आता उरलेल्या प्रत्येक दाण्याला एक पिल्लू झालं असं समजा. ज्वारीला ज्वारीच होणार आणि उडदाला उडीदच. म्हणजे ४ चे झाले ८ आणि १६ चे झाले ३२. घोंगडीवर पुन्हा ४० दाणे! चिमणी पुन्हा आली. या वेळी समजा तिने ज्वारीचे ७ आणि उडदाचे १३ दाणे उचलले. उरले १ आणि १९. त्यांचे दुप्पट केले, की २ आणि ३८.

सुरुवातीला निम्मी ज्वारी होती. दोन फेऱ्यांत घोंगडी जवळजवळ काळी झाली. आता माझा प्रश्न नीट ऐका. या सगळ्यात एका तरी ज्वारीच्या दाण्याने आपला रंग बदलला का?

नाही ना? ज्वारी पांढरीच होती, उडीद काळाच होता. कुणी काही शिकलं नाही. कुणाला कसली सवय लागली नाही. कुणी ठरवूनही काही केलं नाही. तरी सगळ्या दाण्यांचा मिळून रंग बदलला!

हे तुम्हाला पटलं असेल, तर मोठमोठी माणसं जिथे चुकतात ती जागा तुम्ही ओलांडलीत. निसर्गात हेच घडतं. त्याला म्हणतात 'नैसर्गिक निवड', आणि सजीवांच्या उत्क्रांतीचं ते एक मुख्य इंजिन आहे. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस या दोन इंग्रज निसर्ग-अभ्यासकांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली. १८५८ साली दोघांचे लेख लंडनमध्ये एकाच सभेत वाचले गेले आणि पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, डार्विनचं गाजलेलं पुस्तक निघालं.

चला, आता घोंगडी गुंडाळून ठेवा. आपल्याला कापसाच्या रानात जायचं आहे.

शेवगावच्या रानातली गोष्ट

अहिल्यानगर जिल्हा म्हणजे कालपरवापर्यंतचा अहमदनगर. बोलताना मात्र नुसतं 'नगर'! या नगर जिल्ह्यात शेवगाव, पाथर्डी, नेवासा या तालुक्यांत कापूस होतो. तुमच्या घरी कापूस असेल, तर गुलाबी बोंडअळी तुम्हाला ठाऊकच असेल. कपाशीचं फूल नीट न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलं, की जाणती माणसं म्हणतात, 'डोमकळी झाली, आत अळी आहे.' ही अळी बोंडात शिरते आणि आतली सरकी खाते. बाहेरून बोंड धड दिसतं. फोडलं की आत कवडी!

२००२ साली भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. त्याचं बोंडअळीला मारणारं एक प्रथिन तयार करण्याची सूचना शास्त्रज्ञांनी कपाशीच्या पेशीत बसवली. अळीने पान किंवा बोंड खाल्लं, की ती मरते. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग २०१० साली गुजरातमधून बातमी आली, की तिथली गुलाबी बोंडअळी या प्रथिनाला दाद देत नाही. तोवर दोन प्रथिनं असलेला नवा बीटी कापूस बाजारात आला होता. काही वर्षांत अळीने त्यालाही दाद देणं सोडलं. २०१७ च्या खरिपात तर महाराष्ट्रात या अळीने कापसाचं अतोनात नुकसान केलं.

तेव्हा पारापारावर एकच वाक्य ऐकू यायचं, 'अळी आता औषधाला सरावली.' कुणी म्हणायचं, 'अळी शहाणी झाली.'

थांबा! आपला घोंगडीचा खेळ आठवा. अळी खरंच सरावली का? ज्या अळीला ते प्रथिन बाधत होतं, ती बोंड खाऊन मेली. तिला सराव करायला दुसरी संधी मिळालीच नाही. मग झालं काय? हजारो अळ्यांमध्ये एखादी अळी जन्मतःच थोडी वेगळी होती. तिच्या आतड्यावर त्या प्रथिनाचा परिणाम होत नव्हता. ती वाचली. तिचा पतंग झाला, त्याने अंडी घातली आणि पिल्लांना तोच वारसा मिळाला. या किडीची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. म्हणजे एका हंगामात चिमणी कितीदा येऊन जाते पाहा! बीटी कापसाचं रान ही काळी घोंगडी झाली, साधी अळी ज्वारी झाली आणि न मरणारी अळी उडीद.

'शब्दात काय आहे? सरावली म्हणा नाहीतर निवडली गेली म्हणा, पीक तर गेलंच ना!' असं तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, खरी गोम इथेच आहे.

त्या काळी बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं आणखी एक लहान पाकीट मिळायचं. त्यात बीटी नसलेलं साधं बी असायचं. ते शेताच्या कडेने लावायचं असा नियम होता. पण पुष्कळ शेतकऱ्यांनी ते लावलंच नाही. का लावतील? 'मुद्दाम अळीला खाऊ घालायला कपाशी लावा' असं कुणी सांगितलं, तर तुम्ही तरी ऐकाल का? अळी 'सरावते' असं मानलं, तर हे पाकीट म्हणजे शुद्ध वेडेपणा वाटतो. उपाय एकच दिसतो: औषध वाढवा, आणखी जालीम औषध आणा!

पण अळी 'निवडली जाते' हे कळलं, की त्या पाकिटाचा अर्थ लागतो. प्रत्येक अळीला एकेका गुणाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बीटी पचवण्याची चिठ्ठी दोन्हीकडून मिळाली, तरच अळी सहसा तगते. एकीकडूनच मिळाली, तर बहुधा मरते. कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगतात आणि त्यांचे भरपूर पतंग होतात. बीटीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाची जोडी मग या साध्या पतंगांपैकीच कुणाशी तरी जमते. त्यांच्या पिल्लांना एकच चिठ्ठी मिळते आणि ती बीटी कपाशीवर मरतात. म्हणजे कडेच्या त्या ओळी हे ज्वारीसाठी अंथरलेलं पांढरं कापड होतं. ज्वारी टिकली, तर घोंगडी काळी होत नाही!

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात हीच अळी होती आणि हाच बीटी कापूस होता. तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं साध्या कपाशीच्या ओळी लावल्या. २००६ पासून त्यांनी प्रजोत्पादन करू न शकणारे पतंग मोठ्या संख्येने शेतांवर सोडले आणि इतर उपायही केले. २०१८ साली अमेरिकेने आपल्या कापूस-पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे नुकसान होण्याची कारणं एकापेक्षा जास्त होती. लांब मुदतीचे वाण होते, हंगाम संपल्यावरही कपाशी रानात उभी ठेवून फरदड घेण्याची पद्धत होती. पण त्या छोट्या पाकिटामागचं कारण शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगायचं राहून गेलं, हेही त्यातलं एक मोठं कारण.

पाहिलंत ना? उत्क्रांती नीट सांगितली नाही, तर परीक्षेतले दोन गुण जातात एवढंच नाही. घरातलं वर्षभराचं पीकही जाऊ शकतं.

औषधाचा डोस आणि 'सवय'

पालकांनीही हे वाचावं. ताप आला, की आपण डॉक्टरांकडे जातो. त्यांनी प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या, तर दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून काही घरांत उरलेल्या गोळ्या ठेवून देतात. मग पुढच्या खेपेला न विचारता त्याच घेतात. औषध लागू पडेनासं झालं, की म्हणतात, 'त्याच्या अंगाला गोळ्यांची सवय झाली.' अंगाला सवय होत नाही हो! त्या गोळ्यांतून वाचणारे जंतू निवडले जातात आणि वाढतात. क्षयरोगाच्या बाबतीत तर हे फार महागात पडतं. म्हणूनच डॉक्टर सांगतील ते औषध, सांगतील तितके दिवसच घ्यायचं. मनाने सुरू करायचं नाही आणि मनाने बंदही करायचं नाही.

तीन फसवे शब्द

उत्क्रांती समजावून सांगताना आपलेच शब्द आपल्याला फसवतात. त्यातला 'सवय' हा पहिला शब्द आपण पाहिला. आता आणखी दोन पाहू.

दुसरा आहे 'बळी'. 'जो सर्वांत लायक, तो टिकतो' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मूळ इंग्रजी शब्द डार्विनचे नव्हेत, हर्बर्ट स्पेन्सर यांचे. डार्विनने ते पुढे आपल्या पुस्तकाच्या १८६९ च्या आवृत्तीत घेतले. मराठीत कुणीतरी लगेच म्हणतं, 'म्हणजे बळी तो कान पिळी!' छे! घोंगडीवर उडीद टिकला तो काय ज्वारीपेक्षा बलवान होता म्हणून? आता घोंगडी काढा आणि आजोबांचं पांढरं धोतर अंथरा. तोच खेळ खेळा. या वेळी उडीद संपेल आणि ज्वारी वाढेल! टिकतो तो त्या जागी, त्या वेळी जुळणारा आणि जास्त पिल्लं मागे ठेवणारा. बोंडात लपलेली बोटाच्या पेरापेक्षा लहान अळी कुणाचे कान पिळणार? तरी टिकली ना! आणि मुंग्या, मधमाश्या, रानकुत्रे तर एकमेकांना मदत करून टिकतात. म्हणून, 'निसर्गाचा नियमच आहे, मोठ्याने लहानाला दाबायचं' असं कुणी शाळेच्या मैदानावर म्हणालं, तर त्याला ज्वारी आणि उडीद दाखवा.

तिसरा फसवा शब्द आहे खुद्द 'उत्क्रांती'! 'उत्' म्हणजे वर. 'क्रांती'च्या मुळाशी आहे पाऊल टाकणं. म्हणजे शब्दच सांगतो, 'वर चढणं'. त्यात आजच्या भाषेतली 'क्रांती' म्हणजे एकदम होणारी उलथापालथ. पण सजीवांत ना सगळं वर चढतं, ना एका रात्रीत काही होतं. अंधाऱ्या गुहांत राहणाऱ्या काही माशांचे डोळे पिढ्यान् पिढ्या कमी होत गेले. मेघालयातल्या गुहांतही असे मासे आहेत. सापांच्या पूर्वजांना पाय होते, आज सापांना नाहीत. हे 'वर' गेले की 'खाली'? हा प्रश्नच चुकीचा आहे. जिथे राहायचं तिथे ते जुळले, एवढंच. गंमत म्हणजे डार्विनच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत 'उत्क्रांती' या अर्थाचं इंग्रजी नाम वापरलेलंच नाही. तो म्हणायचा, बदल होत होत चालणारी वंशपरंपरा. किती नेमकं!

आता शब्द रूढ झाला आहे, तो काही बदलता येणार नाही. 'भारतीय क्रिकेटची उत्क्रांती', 'मोबाइलची उत्क्रांती' असं वर्तमानपत्रात येणारच. आपण अर्थ मात्र नीट धरायचा. मोबाइलला पिल्लं होत नाहीत. तो कारखान्यात कुणीतरी आखून बनवलेला असतो.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आपला घोंगडीचा खेळही पुरता खरा नाही. खेळात उडीद आधीपासून हजर होता. निसर्गात नवे वेगळेपण येतं कुठून? प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपात वारशाची वही असते. ती पिढीगणिक उतरवून घेताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुकांनी काहीच फरक पडत नाही. काही घातक ठरतात. एखादी मात्र त्या जागी उपयोगी पडते. शिवाय प्रत्येक वेळी निवडच होते असंही नाही. ओढ्याला पूर आला आणि काठचे निम्मे दाणे वाहून गेले, तर उरले ते निव्वळ नशिबाने! त्यानेही पुढच्या पिढ्या बदलतात.

माकड आपला कोण?

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न. 'माकडापासून माणूस झाला, तर आजची माकडं माणसं का होत नाहीत?'

याचं उत्तर तुमच्या घरात आहे. तुमचा एक चुलत भाऊ श्रीरामपूरला राहतो असं समजा. तुम्ही त्याच्यापासून जन्मलात का? नाही. तो मोठा होऊन 'तुम्ही' होणार का? तेही नाही. पण तुमचे दोघांचे आजोबा एकच. गावच्या चिंचेवर बसलेलं काळतोंडं वानर हा आपला असाच भाऊ, फक्त फार लांबचा. त्याचे आणि आपले सामाईक पूर्वज साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी होऊन गेले. चिंपांझी त्या मानाने जवळचा भाऊ. त्याचे आणि आपले पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. ते पूर्वज आजचं वानर नव्हते, आजचा चिंपांझीही नव्हते. आपण बदललो तसे तेही बदलले.

मग 'माकडापासून माणूस' डोक्यात बसलं कसं? एका चित्रामुळेही! वाकलेला वानर, मग थोडा ताठ, मग आणखी ताठ, शेवटी झोकात चालणारा माणूस, अशी रांग तुम्ही टी-शर्टवरसुद्धा पाहिली असेल. १९६५ साली आदिमानवावरच्या एका पुस्तकासाठी रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने असं चित्र काढलं होतं. त्याची नक्कल इतकी झाली, की लोकांना वाटू लागलं, उत्क्रांती म्हणजे एका मागे एक चालणारी दिंडी. खरं चित्र वडाच्या झाडासारखं काढायला हवं: एक बुंधा, फांद्यांना फांद्या, कितीतरी फांद्या वाळून गेलेल्या, आणि आज जिवंत असलेले आपण सगळे शेंड्याची पानं. कुठलंच पान दुसऱ्या पानापासून फुटलेलं नाही.

'पण कुणी पाहिलंय का?'

२०१८ च्या जानेवारीत तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एक संमेलन झालं. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथे म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचं कुठे सांगितलेलं नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं, की उत्क्रांतीला भक्कम पुरावा आहे. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्रावर सह्या करून तो परत घ्या अशी मागणी केली. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या २०१८ साली निघालेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' चा पहिलाच पाठ आनुवंशिकता आणि उत्क्रांती यांवर होता.

पण 'कुणी पाहिलंय का?' या प्रश्नाला हसू नका. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवणं हे विज्ञानाचं काम नाही. उत्तर देणं हे काम आहे. आणि उत्तरं दोन आहेत.

एक, अळीची उत्क्रांती आपल्या शेतकऱ्यांनी डोळ्यांदेखत पाहिली आणि तिची किंमतही मोजली. दोन, जे डोळ्यांनी पाहिलेलं नसतं तेही पुराव्यावरून कळतं. रात्री बिबट्या येऊन गेला, हे सकाळी ठशांवरून कळतंच ना? माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि चिंपांझीच्या पेशीत २४. मग एक जोडी गेली कुठे? शास्त्रज्ञांनी शोधलं, तर माणसाचं दोन नंबरचं गुणसूत्र हे दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडून झालेलं निघालं. एरवी टोकाला असणाऱ्या खुणा त्याच्या मधोमध सापडल्या. दोन गोधड्या जोडून एक केली, की मधे शिवण दिसते, अगदी तशी!

नेवाशाची नदी

असाच पुरावा वाचायला आपण नेवाशाला जाऊ. तिथे प्रवरेच्या काठावर जुन्या गाळाचे आणि गोट्यांचे थर उघडे पडले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकळिया यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५४ ते १९५६ या काळात इथे उत्खनन केलं. खालच्या थरांत मोठ्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. वरच्या थरांत दगडाच्या छिलक्यांपासून केलेली लहान, सुबक हत्यारं मिळाली. या लहान हत्यारांच्या परंपरेला पुरातत्त्वाच्या पुस्तकांत 'नेवासियन' असं नाव पडलं. आपल्या नेवाशाचं नाव! पुढे १९६६ ते १९६९ या काळात गुद्रुन कोर्विनुस या जर्मन संशोधिकेने जवळच्या चिरकी नाल्यावर खोदकाम केलं. तिथे हातकुऱ्हाडी करणाऱ्या माणसांची राहण्याची जागाच सापडली. ही माणसं काही लाख वर्षांपूर्वीची. त्यांना कुणी पाहिलेलं नाही. पण दगडावर ठोकून काढलेला प्रत्येक टवका सांगतो, की इथे कुणीतरी बसलं होतं.

आता सावध! 'मोठी हत्यारं, मग लहान हत्यारं, म्हणजे ही बघा उत्क्रांती' असं कुणी सांगितलं, तर मान डोलावू नका. कुऱ्हाडीला पिल्लू होत नाही. एकाने दुसऱ्याला शिकवलं म्हणून हत्यारं बदलली. ती शिकण्याची गोष्ट आहे, वारशाची नव्हे. माणसाच्या शरीराची गोष्ट सांगायला हाडं लागतात. तशी एक जुनी मानवी कवटी नर्मदेकाठी हथनोरा इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना १९८२ साली मिळाली. नेवाशाच्या दगडांतून आपण तेवढंच म्हणायचं, जेवढं ते दगड सांगतात. पुराव्यापेक्षा एक पाऊलही पुढे जायचं नाही. यालाच नीट सांगणं म्हणतात. (आणि हो, तिथे गेलात तर दगड उचलून आणू नका. तो ज्या थरात आहे, ती जागाच त्याचा खरा पुरावा. फोटो काढा आणि ठेवून द्या.)

नेवासा म्हटलं, की तुम्हाला आणखी काहीतरी आठवलं असेल. बरोबर! शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती इथेच. ज्या खांबाला टेकून ते बसले असं परंपरा सांगते, तो पैस खांब आजही लोक पाहायला जातात. संस्कृतात असलेलं त्यांनी मराठीत आणलं, साध्या माणसाला कळेल असे घरातले, शेतातले दाखले देत. तो विषय निराळा, हा निराळा. पण लोकांचं ज्ञान लोकांच्या भाषेत सांगायचं, आणि सोपं करताना खोटं करायचं नाही, हा धडा नेवाशातच घ्यावा.

तर मित्रांनो, या आठवड्याचं काम एवढंच. घोंगडी, ज्वारी आणि उडीद घ्या. घरातल्या एका मोठ्या माणसाला खेळायला बसवा. खेळ संपला, की विचारा, 'आजोबा, दाण्याने रंग बदलला का हो?' ते 'नाही' म्हणाले, की हळूच पुढचा प्रश्न टाका, 'मग अळी शहाणी झाली का?'

आजोबा क्षणभर गप्प बसतील. मग कदाचित ते त्या छोट्या पाकिटाबद्दल तुम्हालाच विचारतील. तेव्हा उत्तर तयार ठेवा!